दोन मुनिया, दोन नावे

श्रोतेहो, शब्दांची व्युत्पत्ती शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने पक्ष्यांविषयी बोलावे हे धाडसच होय. परंतु आजच्या विषयाची वाट शब्दांतूनच जाते.

लाल मुनिया आणि हिरवी मुनिया या एकाच प्रजातीतील दोन जाती. दोन्ही चिमणीहून लहान, सुमारे १० सेंटिमीटरच्या. दोहोंची चोच लाल, अन्न मुख्यतः गवताचे बी. लालेचे शास्त्रीय नाव 'अमांडावा'. १७५८ साली लिनीअसने रूढ केलेले हे नाव म्हणजे अहमदाबादचा अपभ्रंश. तेथून हे पक्षी पिंजऱ्यात घालून परदेशी धाडले जात. हिरवीस १७९० साली लॅथमने 'फॉर्मोसा', म्हणजे 'सुंदर', म्हटले. एकीच्या नावात बाजारपेठ आहे, दुसरीच्या नावात सौंदर्य.

भेद रंगापुरताच नाही. लाल मुनियेचा नर विणीच्या हंगामात तांबडालाल असतो, अंगावर पांढरे ठिपके. हंगाम सरला की मादीसारखा तपकिरी होतो. हिरवीचा नर पाठीवर शेवाळी, पोटाशी पिवळा, कुशीवर काळे-पांढरे पट्टे, आणि हा वेष तो वर्षभर मिरवतो. मादी थोडी फिकी, इतकेच.

माझ्या बालपणी आमच्या ओसरीवर एक लाल मुनिया पिंजऱ्यात होती. माघ-फाल्गुनात तिचा लाल रंग ओसरला, तेव्हा ती आजारी आहे असे समजून आजीने हळद-पाणी दिले. पाखराला काहीच झाले नव्हते. आम्ही त्याला पाळले होते, पाहिले मात्र नव्हते.

लाल मुनिया भारतापासून जावापर्यंत आढळते. हिरवी केवळ भारतात, तीही अबूचा डोंगर आणि मध्य भारतातील काही भागांत, उंच गवताच्या व उसाच्या आश्रयाने राहते. पिंजऱ्यासाठी दोघींनाही पकडले गेले. परंतु जिचे घर लहान, तिला तो घाव अधिक लागला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत लाल मुनियेची चिंता नाही, हिरवी मात्र 'असुरक्षित' गणली आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रानपक्ष्यांच्या व्यापारास बंदी आली; तरी चोरटी खरेदी-विक्री चालूच आहे.

'सुंदर' हे विशेषण आपण कौतुकाने लावतो. या पाखराच्या बाबतीत तेच त्याच्या बंदिवासाचे कारण ठरले. विद्यार्थ्यांनो, गवतात मुनिया दिसली तर तिचे नाव जरूर विचारा, किंमत विचारू नका.