गिअर कोणत्या क्षणी बदलावा?

दिल्लीच्या रिंग रोडवर आश्रम चौकाचा उड्डाणपूल चढताना शेजारून जाणाऱ्या पुष्कळ मोटारसायकलींच्या इंजिनातून एक जड, तुटक, ठोकल्यासारखा आवाज येत असतो. आणि त्याचे कारण बहुधा इंजिनाचा दोष नसून, चढावर वेग उतरत असतानाही वरचा गिअर न सोडण्याची स्वाराची सवय हे असते. या सवयीच्या मुळाशी पेट्रोल वाचविण्याची अत्यंत रास्त इच्छा आहे. १९८५ साली हीरो होंडा कंपनीने दिल्ली-जयपूर रस्त्यावरील धारूहेडा येथून सीडी १०० ही चार-स्ट्रोक गाडी बाजारात आणली, आणि ‘अ‍ॅव्हरेज’ ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या हिशेबातील एक स्वतंत्र बाब होऊन बसली. टॉप गिअर जितक्या लवकर पडेल तितके पेट्रोल कमी लागेल, हा समज त्या हिशेबाला फार जवळचा आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत, दिवसभर सामान पोहोचवीत गुडगाव-नोएडा पालथे घालणाऱ्या ज्या तरुणांना ती परवडत नाही, त्यांनाच चेन, क्लच प्लेट आणि बेअरिंग यांच्या रूपाने मोजावी लागते.

सीडी १०० च्या कुळातील स्प्लेंडरचे आजचे इंजिन घ्या. त्याचे आकारमान ९७.२ घनसेंटिमीटर, त्याचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे पिळून फिरविण्याचे बल, ८.०५ न्यूटन-मीटर, ते मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर मिळते, आणि सर्वाधिक शक्ती ५.९ किलोवॅट, ती ८,००० फेऱ्यांवर. टॉर्कला फेऱ्यांनी गुणले की शक्ती येते. म्हणून ८,००० फेऱ्यांवर टॉर्क ७ न्यूटन-मीटरपर्यंत उतरलेला असूनही शक्ती वाढलेली दिसते. शर्यतीतला स्वार शक्तीच्या या शिखराच्या किंचित पलीकडे जाऊन गिअर बदलतो, कारण त्यामुळे पुढच्या गिअरमध्येही इंजिन शिखराच्या आसपासच उतरते. कचेरीला जाणाऱ्या मनुष्याला इतक्या टोकाला जाण्याचे प्रयोजन नाही. सपाट रस्त्यावर, एकाच वेगाने, हलक्या मुठीने जाताना वरचा गिअर खरोखरच काटकसरीचा ठरतो, कारण कमी फेऱ्यांत घर्षण कमी होते आणि हवा आत ओढून घेण्यात इंजिनाचे श्रमही कमी खर्च होतात.

परंतु भार वाढला की हाच न्याय उलटतो. मागे एक माणूस बसला, पुढे पूल आला आणि फेरे २,००० च्या जवळ गेले, म्हणजे मूठ पूर्ण पिळूनही गाडी ओढत नाही. एकेका स्फोटाचा धक्का निरनिराळा होऊन चेनवर आदळतो, फिरत्या दांड्याच्या बेअरिंगमधील तेलाचा पापुद्रा पातळ होतो, आणि कोंडलेल्या उष्णतेने मिश्रण अवेळी पेटून दट्ट्या ठोकू लागतो. म्हणून माझ्या मते प्रश्नच थोडा निराळा विचारला पाहिजे: हा गिअर कोणत्या फेऱ्यांवर सोडावा, हे न पाहता पुढचा गिअर इंजिनाला कोणत्या फेऱ्यांवर झेलणार आणि तेथे समोरचा भार त्याला पेलणार की नाही, हे पाहावे. समजा, गिअर बदलताना फेरे एकतृतीयांशाने उतरतात. तर ६,००० वर बदल केल्यास इंजिन ४,००० वर येईल आणि सुखाने ओढेल, पण तोच बदल ३,००० वर केल्यास ते २,००० वर येऊन गुदमरेल. पहिल्या-दुसऱ्या गिअरमधील अंतर सामान्यतः सर्वांत मोठे व वरच्या गिअरांतील लहान असल्याने पहिला गिअर थोडा अधिक ताणणे आणि वरचे गिअर लवकर टाकणे युक्त ठरते.

हे आकडे एका गाडीवरून दुसरीवर नेता येत नाहीत. रॉयल एनफिल्डच्या सध्याच्या क्लासिक ३५० चा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० फेऱ्यांवरच हाती येतो, कारण तिचा दट्ट्या ८५.८ मिलिमीटर इतका लांब पल्ला चालतो आणि स्प्लेंडरचा अवघा ४९.५, तरीही आपापल्या सर्वोच्च टॉर्कच्या क्षणी पहिलीचा दट्ट्या सेकंदाला सरासरी साडेअकरा मीटर आणि दुसरीचा सुमारे दहा मीटर धावत असतो, म्हणजे फेऱ्यांत एवढा फरक असूनही दोन्ही दट्ट्यांची चाल फारशी निराळी नाही. याउलट एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने काढलेली आरएक्स १०० दोन-स्ट्रोक होती. तिचे ११ अश्वबळ ७,५०० फेऱ्यांवर मिळत असे आणि खालच्या फेऱ्यांत ती पुष्कळच मवाळ वाटे.

फेरे दाखविणारा काटा अनेक साध्या गाड्यांवर नसतो, पण त्याची तजवीज हाताने करता येते. मूठ किंचित पिळावी; गाडीने तत्काळ वेग घेतला तर गिअर बरोबर आहे, नुसता आवाज जड झाला आणि पायदाने थरथरली तर एक गिअर खाली यावे. ही परीक्षा ऋतूनुसारही पुन्हा करावी लागते. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा ५ अंशांवर असतो आणि जूनच्या दुपारी ४५ वर. केवळ या फरकाने हवेची घनता सुमारे आठव्या हिश्शाने घटते, व तितकेच बळ इंजिन गमावते. हिवाळ्यात मात्र तेल घट्ट असल्याने पहिली काही मिनिटे फेरे चढवू नयेत.

करोल बागेतून बुलेट भाड्याने घेऊन लडाखला जाणाऱ्यांना हा धडा सर्वांत कठोरपणे मिळतो. ५,३५९ मीटर उंचीवरील खारदुंगला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. इंजेक्शनची गाडी पेट्रोल त्या मानाने कमी सोडते, जुनी कार्ब्युरेटरची गाडी ते तितके कमी करीत नाही आणि काळा धूर ओकते, पण बळ दोघींचेही ओसरते, आणि खाली तिसऱ्यावर चढणारा चढ येथे पहिल्या-दुसऱ्यावर काढावा लागतो. उतरताना मात्र हवा विरळ असली तरी गाडीचे वजन तेवढेच राहते, म्हणून चढताना जो गिअर लागला तोच उतरताना ठेवण्याचा घाटातील जुना शिरस्ता पाळावा. तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच, वेग कमी असताना टाकावा, कारण भर वेगात खालचा गिअर टाकल्यास चाकच इंजिनाला हद्दीबाहेर फिरवते, आणि अशा वेळी फेऱ्यांना आवर घालणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र केवळ पेट्रोल किंवा ठिणगी तोडू शकते, चाकाची ओढ नव्हे.