डिचोलीचे डंप

डिचोलीहून साखळीकडे जाताना एखादी टेकडी नजरेला खटकते. माथा सपाट, अंगावर पायऱ्या, आणि झाडं सगळी एकाच जातीची, एकाच वयाची. सह्याद्रीने अशी टेकडी कधी केली नसती. गोव्यात तिला डंप म्हणतात.

लोहखनिज काढायचं तर आधी वरचा डोंगर बाजूला सारावा लागतो. वर चिरा, खाली तांबडी-पिवळी चिकणमाती, मग फिलाइट या खडकाचा मऊ, कधी गुलाबीसर थर. एक टन खनिजामागे असा अडीच-तीन टन माल निघतो. खनिज ट्रकने जेटीवर जातं, बार्जमध्ये भरून मांडवी-झुवारीतून मुरगावला, आणि पुढे जपान-चीनला. त्याचा टनावर हिशेब होतो, कारण बिल टनावर. उरलेल्याला फक्त जागा लागते, आणि गोव्याची गोची तिथेच झाली. पोर्तुगीज अमलातले खाणपट्टे फार तर 100 हेक्टरांचे. एवढ्याशा तुकड्यात खड्डा खोदायचा की ढीग घालायचा? खड्डा परत भरावा, तर तळाशी अजून खनिज. मग ढीग पट्ट्याबाहेर, शेजारच्या जमिनीवर चढले.

ढीग घालणं हे अडाण्याचं काम वाटतं, पण नाही. सुटी माती स्वतःच्या मर्जीने साधारण 35 अंशांवर थांबते. पाऊस लागला की तेवढीही थांबत नाही. म्हणून टप्पे पाडून, मध्ये सपाट पायऱ्या सोडून एकूण उतार बराच कमी ठेवायचा. पर्यावरण परवान्यांत बहुधा 28 अंशांची मर्यादा असते. पायथ्याशी चिऱ्याची भिंत, भोवती माळेसारखा चर, चराच्या तोंडाशी गाळ बसायला तळी. उतारावर काथ्याच्या जाळ्या, त्यातून गवत, मग झाडं. लावली ती बहुतेक ऑस्ट्रेलियन अकेशिया. ती उपाशी मातीतही तगते आणि हवेतला नत्र मुळांत साठवते, म्हणून खाणवाल्यांची लाडकी. पण तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. हिरवा रंग आला म्हणजे जंगल आलं असं नव्हे. काजू लावलेले डंप तरी निदान कामाचे.

या सगळ्याची परीक्षा जूनमध्ये. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एखादा चर तुंबला, एखादी भिंत फुटली की तांबडं पाणी ओहोळात, ओहोळातून भातशेतीत आणि कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत. चिकणमाती वाळली की शेताला कडक पापडी धरते. नांगर लागतो, पण पीक मनासारखं येत नाही. खाणींजवळच्या शेतकऱ्यांची नुकसानभरपाईची भांडणं या गाळावरूनच पेटली.

आणि मग हा कचरा कचराच राहिला नाही. बीजिंग ऑलिंपिकच्या आसपास चीनने कमी प्रतीचं खनिजही उचलायला सुरुवात केली. एके काळी 58 टक्क्यांखालचं लोह टाकाऊ धरून ढिगात गेलं होतं. आता तेच ढीग उपसून, चाळून, धुऊन विकले जाऊ लागले. 2009 मध्ये खनिज ठरवण्याची सरकारी किमान रेषाही 55 वरून 45 टक्क्यांवर आली. तीच माती, तोच ढीग. बदलला तो भाव. जुन्या डंपांत मिळून 70 कोटी टनांहून जास्त माल पडून असल्याचा अंदाज मांडला गेला, आणि ज्या ढिगांकडे कोणी बघत नव्हतं त्यांच्या मालकीवर वाद सुरू झाले.

सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्याबाहेर डंप टाकायला मनाई केली. पुढे फेब्रुवारी 2018 मध्ये 88 पट्ट्यांचं नूतनीकरणच रद्द झालं. यंत्रं गेली, ट्रक दारांत गंजले. डंप मात्र तिथेच. चरातला गाळ मे महिन्यात उपसावाच लागतो, भिंतीचे सुटलेले चिरे पुन्हा बसवावे लागतात. खाण चालू असताना ते काम कंपनीचं होतं. बंद पडलेल्या खाणीच्या डंपाखाली ज्याचं शेत आहे, तो मृगाच्या आधी फावडं घेऊन स्वतःच चराच्या तोंडाशी उभा राहतो.