गवसणीतलं आकाश

पहाटेचे साडेचार वाजलेत. पंचवटीतल्या आमच्या घरात दिवा फक्त माजघरात आहे. सतरंजीवर आई, आणि तिच्यासमोर गादीवर आडवा ठेवलेला तानपुरा. ती खुंट्या पिळते आहे, पण सुरात आणायला नव्हे, उतरवायला. आधी पंचम, मग जोडीच्या दोन, शेवटी खर्ज, आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक तार थोडी थोडी, सगळ्या सारख्याच ढिल्या.

"एकच तार एकदम सोडलीस तर ओढ एका बाजूला जाते," ती म्हणते. "दांडीला ते सोसत नाही."

तारा सैल झाल्यावर ती घोडीवर वाकते. घोडी आणि तारा यांच्यामध्ये सुताचे चार तुकडे आहेत, बोटाच्या पेराएवढे. घोडीची पाठ सपाट दिसते, पण तिला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर घासत कापते, आणि सूत पुढे-मागे सरकवत नेमक्या जागी आलं की आवाज उघडतो. ही जवारी. सूत केसभर हललं तरी आवाज मुका होतो. आई नखाने ते चारही तुकडे ओढून काढते, कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवते आणि डबी माझ्या हातात देते.

"सूत दिल्लीत मिळेल की गं."

"मिळेल. पण जाडी जमायला हवी."

मग बांधणं. गळ्याला, म्हणजे भोपळा आणि दांडी जिथे भेटतात तिथे, जुन्या नऊवारीच्या पट्ट्या. मोडतो तो बहुधा तिथेच. गळ्याखाली टॉवेलची गुंडाळी, भोपळ्याभोवती दुलई. त्यावर निळ्या छिटाची गवसणी, तिच्या नाड्या, आणि हे सगळं फायबरच्या पेटीत. तानपुरा साडेचार फुटांचा, पेटीसकट पाच. आकाशाला गवसणी घालायची भाषा आपण फार करतो. आज गवसणीलाच आकाश दाखवायचं आहे.

आईची नात दिल्लीला गाणं शिकायला गेली आहे. तिथे ती मोबाईलवर तानपुरा लावून रियाज करते. आईने तो एकदा फोनवरून ऐकला आणि म्हणाली, "हा दमत नाही, चुकत नाही, उतरत नाही. याच्याबरोबर गाऊन तिला काय कळणार?" त्याच दिवशी ठरलं, काळी चारचा हा तानपुरा दिल्लीला जाणार.

गाडीच्या डिकीत पेटी मावत नाही. पुढची सीट पूर्ण मागे पाडून ती तिरकी ठेवतो आणि पट्टा लावतो. आई उंबऱ्यातून बघते आहे. १९७५ साली पंचवटी एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हापासून ती हाच तानपुरा घेऊन मुंबईला जायची. खिडकीशी बसून, गवसणी छातीशी धरून. तिकीट एकाचं, जागा दोघांची. तानपुरा मिरजेचा. त्याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यात नाशकात येऊन राहिले; मिरजेचा सूर या गावाला परका नाही. पण आजवर तो रुळांवरून आणि रस्त्यांवरून आला-गेला. तो चाकावर असेपर्यंत कुणाच्या तरी हातात असायचा.

आडगाव मागे पडतं. दहाव्या मैलावरून जानोरीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. पौषातली थंडी. बागांच्या बांधांवर शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलाय. घड गारठून तडकू नयेत म्हणून रात्रभर जागलेली माणसं घोंगड्या पांघरून उभी आहेत. मी काच बंद करतो. माझ्याही गाडीत गारठ्याला भिणारं एक फळ आहे.

ओझरचा विमानतळ आमच्या गावाचा असला तरी धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि ओझरचं नाव लोकांच्या तोंडी 'ओझर मिग' होऊन बसलं. पुढे सुखोई आली. प्रवाशांची ही इमारत २०१४ची. २०१८मध्ये इथून जिवंत शेळ्यामेंढ्या विमानाने शारजाला गेल्या. म्हणजे बेंबें करणारा प्रवासी या जागेने पाहिलेला आहे. तानपुऱ्याचं काय करायचं, ते आता कळेल.

ढकलगाडीवर पेटी उभी राहत नाही, आडवी ठेवली की दोन्हीकडून बाहेर येते. लोक वळसा घालून जातात. एक लहान मुलगा आईला विचारतो, "त्यात माणूस आहे?"

काउंटरवरची मुलगी विशी-बाविशीची. बोलणं शुद्ध नाशिकचं.

"काका, हे काय आहे?"

"तानपुरा."

"गिटारसारखं?"

"साधारण. पण याच्यावर गाणं वाजवत नाहीत. याच्यासोबत गातात."

ती मान डोलावते आणि संगणकात तसा रकाना शोधते. वाद्य एवढाच रकाना आहे. पेटी काट्यावर चढते: १३.४ किलो. देशातल्या प्रवासाला पंधरा किलो सामान चालतं, त्यामुळे मला हायसं वाटतं. ती मात्र पेटीच्या टोकाकडे बघते आहे.

"वजनात बसतंय काका, मापात बसत नाहीये."

या एका वाक्यात तानपुऱ्याची सगळी अडचण आली. तेरा किलोंतले आठेक किलो तर त्या पेटीचेच. आतली चीज म्हणजे पातळ लाकूड, सुकलेलं भोपळ्याचं कवच, चार तारा आणि खूप सारी मोकळी जागा. पैसे पडतात ते त्या मोकळ्या जागेचे. सोबत नेण्याच्या सामानाची मर्यादा सात किलो. वजनाने तानपुरा त्यात सहज बसला असता, पण डोक्यावरच्या कप्प्याला पाच फूट ठाऊक नाहीत. चेलो वाजवणारे वाद्यासाठी वेगळं तिकीट काढून शेजारच्या सीटला पट्ट्याने बांधतात. अमेरिकेत २०१२च्या कायद्याने कप्प्यात मावेल ते वाद्य आत घेणं विमान कंपन्यांना भाग पडलं. पण मावेल ते. भोपळा कुठल्याच कायद्यात मावत नाही.

मुलगी एक जाड पट्टी छापते आणि पेन पुढे करते. सामान नाजूक आहे, फुटलं तर जबाबदारी कंपनीची नाही, हे मान्य असल्याची सही. मी पेन धरून थांबतो. २०२०च्या जानेवारीत सतारवादक शुभेंद्र राव दिल्लीहून न्यूयॉर्कला पोचले आणि पेटी उघडली तर सतार फुटलेली. त्याआधी २००८मध्ये डेव्ह कॅरल या कॅनडातल्या गायकाची गिटार विमानप्रवासात मोडली. भरपाईसाठी हेलपाटे घालून थकल्यावर त्याने त्याच कंपनीवर गाणं केलं आणि ते जगभर गाजलं. मला गाणी करता येत नाहीत. मी सही करतो.

"स्टिकर दोन लावा," मी म्हणतो.

ती चार लावते. लाल स्टिकरवर काचेचा पेला आणि इंग्रजीत 'फ्रॅजाइल'.

मोठ्या सामानाच्या क्ष-किरण यंत्रात पेटी हळूहळू आत सरकते. पडद्यासमोर बसलेला माणूस पट्टा थांबवतो, मागे घेतो, पुन्हा पुढे नेतो. मला बोलावतो. पडद्यावर मी पहिल्यांदाच आमचा तानपुरा आतून पाहतो. केशरी रंगाची फिकट लांबट सावली, तिच्यावर चार बारीक गडद रेषा, आणि खाली एक मोठा रिकामा गोल.

"ह्या गोलात काय आहे?"

"काही नाही. पोकळ आहे."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. आवाज तिथूनच येतो."

तो माझ्याकडे बघतो, मग पडद्याकडे. "उघडा."

मी कड्या काढतो, गवसणीच्या नाड्या सोडतो. तोवर दारावरचा रक्षकही येऊन उभा राहिलाय. पन्नाशीचा, गळ्यात शर्टाच्या आत तुळशीची माळ, तिचा एक मणी कॉलरमधून डोकावतोय. भोपळ्याचा तांबूस तुकतुकीत गोल दिसताच तो अर्धा वाकतो आणि हात जोडता जोडता थांबतो.

"वीणा हाये का?"

"तानपुरा. तिच्याच घरातला."

"भोपळा खरा?"

"खरा. कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडं पिकतो. महिनोन् महिने वाळवतात, मग मिरजेचे कारागीर त्याला दांडी जोडतात."

"पंढरपूरचा!" तो यंत्रावरच्या माणसाला सांगतो, जणू तपासणी तिथेच संपली.

मी आणखी सांगतो. मिरजेतले हे शिकलगार मूळचे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. शस्त्रांचं काम आटलं, तेव्हा संस्थानच्या काळात ते तंबोऱ्यांकडे वळले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण विमानकारखान्याच्या अंगणात उभे आहोत, म्हणून आणखी एक आठवतं: इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवणारे बंगळुरूचे जी. राज नारायण हेही आधी हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्येच अभियंते होते. विमानांच्या माणसाने भोपळा काढून टाकून तानपुरा पेटीएवढा केला. आज तो मोबाईलमध्ये गेलाय. पण हे सांगायला मागे रांग फार झाली आहे.

"जरा वाजवून दाखवता?" यंत्रावरचा विचारतो. तपासणीचा भाग आहे की हौस, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

मी तारेवर बोट ठेवतो. ढिली तार थडथड करून गप्प होते.

"आता नाही वाजणार. उतरवलाय."

माळकरी रक्षकाला ते लगेच समजतं. "प्रवासाला निजवलाय," तो म्हणतो. मग सामान हलवणाऱ्या पोराकडे वळतो. पोराने पेटी एका हाताने धरून भोपळा खाली येईल अशी रोलरवर उभी करायला घेतली आहे. चार लाल स्टिकर त्याच्या डोळ्यांसमोर आहेत.

"ए भाऊ! वीणा हाये ती. आमच्या सिन्नरकडं सप्त्यात सात दिस वीणा भुईला टेकत न्हाई, ठाव हाये ना?"

पोरगा चमकतो. त्याचा दुसरा हात आपोआप पेटीखाली जातो.

पेल्याचं चित्र पाहून त्याला काही वाटलं नव्हतं. तसे पेले तो रोज शंभर पेट्यांवर पाहत असेल. पण सप्ताहातला पहारा त्याने पाहिलेला असावा. रात्री तीन वाजता पेंगुळलेल्या वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा दुसरा येऊन आपल्या गळ्यात घेतो, आणि त्या दोघांमध्ये ती एक क्षणही एकटी राहत नाही. माझ्या सहीने जे कागदावरून काढून टाकलं होतं, ते त्या माणसाने एका शब्दात परत आणलं. मी तानपुऱ्याला वीणा म्हणू देतो. चूक दुरुस्त करत नाही.

पुढे माझी अंगझडती. शर्टाच्या खिशात कुंकवाची डबी सापडते.

"हे काय?"

"दोरा."

रक्षक डबी उघडतो. चार तुकडे, कुंकवाच्या जुन्या लालीने गुलाबी झालेले. तो वर बघतो. "कुठला धागा आहे, देवीचा?" मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. डबी परत खिशात जाते.

काचेपलीकडे विमान उभं आहे. सूर्य नुकता वर आलाय, धावपट्टीवरचं धुकं पांढऱ्याचं पिवळं होतंय. सामानाच्या गाड्या ओळीने येतात. बॅगा सरकत्या पट्ट्यावरून पोटात जातात, एक, दोन, वीस. एक निळी बॅग घसरून खाली पडते, कुणी तरी पायाने ती सरळ करतो. मी काचेला नाक लावून उभा आहे.

पेटी सगळ्यांत शेवटी येते. तोच पोरगा. ती त्याने गाडीवर टाकलेली नाही, शेजारून चालत धरून आणली आहे. पट्ट्यावर ठेवताना भोपळ्याची बाजू वर घेतो. पट्टा चढू लागतो तसा तो हात पेटीवर ठेवून बाजूने चालतो, टाचा उंचावतो, मग बोटं सुटतात. वरून विमानाच्या पोटातून दोन हात बाहेर आलेले आहेत. त्याची बोटं आणि ते हात यांच्यामध्ये हातभर अंतर आहे. तेवढं अंतर तानपुरा कुणाच्याच हातात नाही.

मग वरचे हात पेटी आत ओढतात. दार बंद होतं.

दिल्लीत हे दार कोण उघडेल, माहीत नाही. तिथे 'वीणा' हा शब्द चालेलच असं नाही. त्या माणसाच्या गावचा दुसरा शब्द शोधावा लागेल. सिन्नरचा माळकरी प्रत्येक विमानतळावर भेटत नाही.

फोन वाजतो. आई.

"गेला आत?"

"गेला."

"भोपळा खाली नाही ना?"

"नाही. मी पाहिलं."

"डबी?"

"खिशात आहे."

ती थोडा वेळ काही बोलत नाही. मागे आमच्या घरातलं घड्याळ ऐकू येतं. एरवी या वेळेला तानपुरा चालू असतो, त्यामुळे ते कधी ऐकू येत नाही.

"तिथे गेल्या गेल्या लावायला बसू नका. पोरीला सांग, रात्रभर नुसता खोलीत ठेव, आडवा. त्याला तिथली हवा कळू दे. सूत सकाळी घालायचं. आणि पहिला पंचम."