परतीची गाडी आधी लिहायची

अलास्कातल्या ज्युनोच्या धक्क्यावर पाऊस पडतोय असं म्हणवत नाही आणि थांबलाय असंही म्हणवत नाही. हवेतच पाणी आहे. चष्म्याच्या काचांवर, जॅकेटच्या बाह्यांवर बारीक थेंब धरताहेत. जहाजाच्या शिडीवरून माणसांची रांग खाली येतेय आणि खाली पाट्या धरून उभ्या असलेल्या मुली तिचे भाग पाडताहेत. व्हेल बघायला जाणारे डावीकडे, हेलिकॉप्टरवाले उजवीकडे, हिमनदीवाले त्या निळ्या बसकडे. प्रत्येकाच्या छातीवर नंबराचं स्टिकर आहे.

आमच्या छातीवर काही नाही. बाबा आणि मी त्या पाट्यांमधून वाट काढत गावाच्या दिशेने चालू लागतो. जहाजाकडून आम्ही एकही सहल घेतलेली नाही. आज मेंडेनहॉल हिमनदीला जायचं आहे, तेही गावातल्या लोकांच्या साध्या बसने.

धक्क्याला आमच्याशिवाय आणखी जहाजं लागलेली आहेत. त्यांच्यापुढे गावातली दुमजली लाकडी घरं अगदी बुटकी दिसतात. गावाची वस्ती जेमतेम ३२,०००, आणि उन्हाळ्यात एका दिवसात तिच्या निम्म्याएवढे प्रवासी इथे उतरू शकतात. म्हणून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असं शहराने जहाज कंपन्यांशी बोलून ठरवून घेतलं आहे. सकाळी साडेआठला दुकानांच्या रस्त्यावर गर्दी आहे. दोन चौक वर चढलं की रस्ता रिकामा होतो. ऑफिसला निघालेली माणसं, शाळेच्या भिंतीवरचं चित्र, एका ओसरीत वाळत घातलेले गमबूट. गाव इथून सुरू होतं.

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. बसच्या थांब्यावर पोचल्याबरोबर ते आधी काचेतलं वेळापत्रक वाचतात, मग खिशातला कागद काढून ताडून बघतात.

त्या कागदाबद्दल सांगायलाच हवं. पुण्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, हिवाळ्यात तो तयार झाला आणि बाबांनी तो उलटा लिहिला आहे. सगळ्यात वर ४.३०, जहाजावर परतायची वेळ. जहाज सुटतं पाचला, पण शिडी त्याआधी बंद होते. त्याखाली धक्क्यावर पोचायची वेळ, तासभर आधीची. त्याखाली परतीची बस. आणि त्याच्याही खाली, दोनदा अधोरेखित केलेली, तिच्या आधीची बस. ‘आपली गाडी ही,’ बाबांनी तेव्हाच बजावलं होतं. ‘पुढची गाडी आपली नाही, ती फक्त ही चुकली तर.’ या दोन गाड्या पक्क्या झाल्यावरच हिमनदी, ओढा, धबधबा हे सगळं उरलेल्या वेळात बसवलं. स्वतः सहल आखणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: जाण्याची गाडी शेवटी लिहा, परतीची आधी.

कारण इथला हिशेब निष्ठुर आहे. जहाजाने नेलेली सहल उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपापलं गेलेल्या माणसासाठी ते थांबत नाही. आणि ज्युनो अलास्काची राजधानी असली तरी बाहेरच्या जगातून इथे एकही रस्ता येत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि बर्फाचं पठार. टॅक्सी करून पुढचं बंदर गाठू म्हणाल तर रस्ताच नाही. विमान किंवा फेरीबोट, दोनच मार्ग, आणि दोन्ही हवामानाच्या मर्जीवर. म्हणूनच हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरायची हौस असेल तर ती सहल मी जहाजाकडूनच घेईन. ढग उतरले आणि परत यायला उशीर झाला तर तो घोर आपल्या डोक्याला नको.

दुसरी गोष्ट घड्याळाची. आमचं जहाज जिथून निघालं त्या सिअ‍ॅटलच्या तासभर मागे अलास्काची वेळ आहे. काही जहाजं आपली घड्याळं स्थानिक वेळेला लावतात, काही लावत नाहीत, आणि फोन मात्र किनारा दिसला की आपणहून बदलतो. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काल रात्री जहाजाच्या वेळेला लावून घेतलं आहे आणि मला फोन बघायची बंदी आहे.

बस येते. कंडक्टर नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या पेटीत माणशी दोन डॉलर टाकायचे, सुटे, कारण तो परत काही देत नाही. बाबा घडी घातलेल्या नोटा काढून पेटीत सारतात आणि ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतात. अख्खं आयुष्य गाड्या सोडण्यात गेलेला माणूस आज दुसऱ्या कुणाच्या तरी वेळेवर सुटलेल्या गाडीत बसलाय. त्यांचा चेहरा बघण्यासारखा आहे.

रस्ता खाडीच्या कडेने जातो. ओहोटी आहे. करड्या चिखलात पाण्याच्या वेलांट्या राहिल्या आहेत आणि एका खांबावर पांढऱ्या डोक्याचा गरुड पंख आक्रसून, भिजून बसलाय. बसमध्ये आमच्यासारखे फिरायला आलेले थोडेच. सुपरमार्केटच्या गणवेशातला एक मुलगा झोपलाय. पलीकडच्या सीटवरच्या बाई किराणा घेऊन घरी निघाल्या आहेत. हिमनदीचं नाव ऐकून त्या म्हणतात, ‘ऑगस्टमध्ये आलात, आम्ही या महिन्यात नदीकडे डोळे लावून बसतो.’ हिमनदीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक खोलगट जागा आहे. वितळलेलं पाणी तिथे बर्फाच्या बांधामागे साठत राहतं आणि एके दिवशी बर्फाखालून वाट काढून एकदम सुटतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या पुराने काठ खचून घरं नदीत गेली. २०२४ मध्ये शेकडो घरांत पाणी शिरलं. २०२५ मध्ये पाणी त्याहून वर चढलं, पण तोवर वाळू भरलेल्या जाळीच्या पेट्यांची भिंत काठाने उभी राहिली होती. बाई हाताने गुडघ्याच्या वर खूण करून दाखवतात, पाणी कुठवर आलं होतं ते. मग पिशव्या उचलून उतरतात. मी फक्त बर्फ बघायला निघाले होते. त्या बर्फाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाशी बोलणं कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

आमचाही थांबा येतो. बस हिमनदीपर्यंत जात नाही. इथून पुढे साधारण दीड मैल चालायचं. ज्यांना चालवत नाही त्यांनी धक्क्यावरून सुटणारी शटल घ्यावी, पण तिचं तिकीट आधी काढून ठेवावं, कारण वनखात्याच्या परवान्याशिवाय कुणालाही प्रवासी तिथवर नेता येत नाहीत. बाबा वर्षभर रोज पर्वती चढताहेत. त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आहे आणि निघालेदेखील.

रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडं, बुंध्यांवर बोटभर जाड शेवाळ. एका वळणानंतर झाडं बाजूला होतात आणि समोर हिमनदी येते. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, दोन डोंगरांच्या मधून उतरलेली, कडांना मळकट, मधल्या भेगांमध्ये निळी. बर्फ इतका दाबला गेला आहे की प्रकाशातला तांबडा भाग तो आत शोषून घेतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. ढगाळ दिवशी हा निळा जास्त गडद दिसतो, म्हणून पावसाचं आम्हाला काही वाटत नाही.

काचेचं गोलसर माहिती केंद्र १९६२ मध्ये बांधलं. अमेरिकेच्या वनखात्याचं हे असं पहिलंच केंद्र. तेव्हा इथून बर्फ किती जवळ होता याचे फोटो आत लावलेले आहेत. बाबा फोटोसमोर उभे राहतात, मग खिडकीशी जातात, पुन्हा फोटोकडे येतात. उजव्या हाताचा नगेट धबधबा ३७७ फूट उंचीचा. एके काळी तो थेट हिमनदीवर पडत असे. आता तो तळ्याकाठच्या वाळूवर पडतो आणि हिमनदी त्याच्या कितीतरी मागे आहे. ‘मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं भरलेलं असणार,’ बाबा बोटाने तळ्यावर रेघ ओढतात. पुढे बोलत नाहीत.

कागदावर पुढची ओळ धबधब्याची आहे. जायला मैलभर, यायला मैलभर, सपाट वाट. त्याआधी फक्त अर्धा तास स्टीप क्रीक.

स्टीप क्रीक म्हणजे गाडीतळाला लागूनच वाहणारा छोटा ओढा. त्यावरून लाकडी फळ्यांची उंच वाट बांधली आहे, कठडे आहेत, मधे मधे फाटकं. अस्वलांचा वावर असल्याने या वाटेवर खायचं काही न्यायचं नाही, साधं पाणी तेवढं चालतं. दशम्या आम्ही जहाजावरच संपवून आलो आहोत. मी कठड्यावरून खाली बघते आणि आधी मला काही कळतच नाही. पाणी घोटाभर, स्वच्छ. तळाचे गोटे मोजता यावेत असं. आणि त्या गोट्यांवर लाल काहीतरी हलतंय. ओल्या कुंकवाचा लाल.

सॉकाय सामन. समुद्रात असताना हा मासा चंदेरी असतो. गोड्या पाण्यात शिरला की खाणं सोडतो, अंग लाल होतं, डोकं हिरवं राहतं. नराच्या पाठीवर उंचवटा येतो, जबडा आकड्यासारखा वळतो. पाणी इतकं उथळ आहे की पाठी बाहेर उघड्या पडल्या आहेत. कठड्याशी उभी असलेली वनखात्याची रेंजर हलक्या आवाजात सांगतेय: हे मासे जन्मले याच ओढ्यात, पोरवयात खालच्या तळ्यात वाढले, नदीने समुद्रात गेले, दोनतीन वर्षं तिकडे काढून आता परत आलेत. अंडी घालतील आणि मरतील. समुद्राकडे कुणीही परत जाणार नाही.

अगदी आमच्या पायांखाली एक मादी आहे. तिच्या शेपटीची कड झिजून पांढरी पडली आहे. ती मधेच एका कुशीवर कलंडते आणि शेपटी जोरात पाचसहा वेळा आपटते. खडे उडतात, गाळाचा छोटा ढग प्रवाहाबरोबर निघून जातो. ती सरळ होते, दम खाते, पुन्हा कलंडते. खाली ओंजळीएवढा खळगा झालाय. दोन नर तिच्या मागे. मोठा धाकट्याला तोंडाने ढकलतो, धाकटा वळसा घालून पुन्हा येतो. काठाच्या झुडपाखाली मेलेले दोन मासे आडवे पडलेत, डोळे पक्ष्यांनी टिपलेले. वास आहे. बाबा रुमाल काढत नाहीत. कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून वाकले आहेत.

‘अगं, ही थांबत नाही,’ ते म्हणतात. ‘बघ, परत.’

अर्धा तास होऊन जातो. निळ्या बसमधून आलेला गट शेजारी उभा आहे. पाटीवाली मुलगी त्यांना घड्याळ दाखवतेय, आणखी दहा मिनिटं, मग सामन भाजून जेवायचा कार्यक्रम. तिचं चुकत नाही, तिला चाळीस माणसं वेळेत पोचवायची आहेत. एक आजोबा चारदा मागे वळून बघत जातात.

ते जातात आणि थोड्या वेळाने पलीकडची झुडपं हलतात. रेंजर हात वर करते, सगळे गप्प. काळं अस्वल बाहेर येतं, मागे एक पिल्लू. आई पाण्यात उतरते, अजिबात घाई नाही. लाल पाठींची एकदम पळापळ. ती एक पाऊल पुढे टाकते, थांबते, आणि दोन्ही पुढचे पंजे खाली दाबते. वर येताना तोंडात मासा आहे, शेपटी अजून हलतेय. पिल्लू झाडाच्या बुंध्याला मिठी मारून बघतंय. आई मासा घेऊन झाडीत जाते, आतून हाडं मोडल्याचा बारीक आवाज येतो. आमच्या मादीचा खळगा तिथून दहा पावलांवर. ती परत येऊन कलंडली आहे.

मी बाबांना विचारते, ‘धबधब्याला निघायचं का? आत्ता निघालो तर जमेल.’

ते घड्याळ बघतात, कागद बघतात. परतीच्या बसपर्यंत चालायला चाळीस मिनिटं, ती ते सोडणार नाहीत हे मला माहीत आहे.

‘धबधबा इथूनही दिसला की,’ ते म्हणतात. ‘तुझं मन असेल तर जाऊ. मला विचारशील तर इथंच थांबू.’

आम्ही थांबतो. जहाजाच्या सहलीपेक्षा स्वस्तात पडतं म्हणून आपली आपण सहल आखावी असं लोक सांगतात, आणि पडतंही. पण मला विचाराल तर दोन डॉलरच्या तिकिटात खरं मिळालं ते हे, कागदावरची एक ओळ खोडून दुसऱ्या ओळीला तिचा वेळ द्यायची मुभा. वरच्या दोन गाड्या अढळ ठेवल्या म्हणूनच खालचं सगळं असं हलवता येतं.

परतीची आमची बस सात मिनिटं उशिरा येते. बाबा ड्रायव्हरकडे बघून मान हलवतात, समजूतदारपणे. धक्क्यावर पोचतो तेव्हा जहाज सुटायला पुरेसा अवकाश आहे. पाण्याकाठी पॅट्सी अ‍ॅन नावाच्या कुत्रीचा पुतळा आहे. १९३० च्या दशकात, ठार बहिरी असूनही, येणाऱ्या प्रत्येक बोटीला सामोरी जाणारी गावची लाडकी कुत्री. तिच्याशेजारच्या बाकावर आम्ही टेकतो, गरम चहाचे कागदी पेले हातात.

उद्या स्कॅगवे. तिथे रेल्वेची तिकिटं आम्ही रेल्वेकडूनच काढली आहेत, व्हाइट पासच्या माथ्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीची. सरहद्द ओलांडली तरी त्यात कुणी खाली उतरत नाही, म्हणून पासपोर्ट लागत नाही. पुढे युकॉनपर्यंत जाणाऱ्या फेऱ्यांना मात्र कॅनडाचा व्हिसा हवाच. तसा आमच्याकडे तो आहे. सिअ‍ॅटलहून निघालेलं जहाज परतताना व्हिक्टोरियाला थांबतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्यांना तो काढावाच लागतो, आणि अमेरिकेचाही एकाहून अधिक प्रवेशांचा. हे काम सहलींच्या कितीतरी आधी उरकायचं.

गाडीनंतर कागदावर तीन जागा आहेत: गाव, सोन्याच्या शोधात आलेल्यांची दफनभूमी आणि लोअर ड्युई तळं. बाबा पेन मागतात. दफनभूमीवर काट मारतात, गावापुढचा वेळ निम्मा करतात आणि उरलेला सगळा तळ्यापुढे लिहितात. मग वरच्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचून कागदाची घडी घालतात.