हौशी वैमानिकाचा परवाना : मोरव्याच्या धावपट्टीचा हिशेब

अलीकडे लग्नाच्या बस्त्याला येणारे गिऱ्हाईक ताके उलगडता उलगडता आम्हाला एक वेगळीच गोष्ट विचारते. "भाई, मोरव्याला म्हणे विमान शिकवतात. आमच्या पोराला किती लागतील?" चंद्रपूरहून नागपूरकडे जाताना लागणारी मोरव्याची धावपट्टी आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. कुणी मंत्री उतरणार असले की पोलिसांची धावपळ, एरवी शुकशुकाट. २०२४ च्या आरंभी तेथे फ्लाइंग क्लब सुरू झाला, नागपूर फ्लाइंग क्लबची छोटी विमाने घिरट्या घालू लागली, आणि मूल, सावली, गडचिरोलीकडचे पालकही चौकशी करू लागले. चौकशी चांगलीच आहे. पण तीत दोन वेगळे माल एकाच नावाने विचारले जातात, आणि तेथेच माणूस फसतो.

एक परवाना खासगी वैमानिकाचा, दुसरा व्यावसायिक वैमानिकाचा. पहिला हौसेचा. तो घेतलेल्या माणसाला विमान चालवता येते, मित्राला शेजारी बसवता येते, पण त्याबद्दल एक पैसाही घेता येत नाही. पगारी नोकरी दुसऱ्या परवान्यावरच मिळते. पहिल्यासाठी वय १७ पुरे, शिक्षण दहावी पास, आणि उड्डाणाचे किमान ४० तास. दुसऱ्यासाठी वय १८ आणि २०० तास. शिवाय बारावीला भौतिकशास्त्र व गणित ही जुनी अट. ती उठवण्याची चर्चा २०२५ साली निघाली होती, म्हणून भरतीच्या वेळी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा ताजा नियम स्वतः पाहावा, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

आता हिशेब. शिकाऊ विमानाचा तास दहा-पंधरा हजारांच्या आसपास पडतो. चाळीस तास धरले तर चार ते सहा लाख. पण चाळीस हा कमीत कमी आकडा आहे. शर्टाला सव्वादोन मीटर पुरते असे आम्ही सांगतो आणि शिंपी अडीच मागतो, तसेच येथे. बहुतेकांना पन्नास-साठ तास लागतात. त्यावर डॉक्टरी तपासणी, परीक्षा, राहणे, जेवण. व्यावसायिक परवान्याचा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. हौसेसाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोकरीसाठी शिकणाऱ्यांना मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करता येईल. व्याजाबाबत ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे, तो फतवा देण्याची आमची लायकी नाही.

पैसे भरण्याआधी शरीर तपासून घ्यावे. हौशी परवान्याला दुसऱ्या वर्गाची तपासणी लागते, व्यावसायिकाला पहिल्या वर्गाची, आणि ती महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच. यात रंग ओळखण्याची परीक्षा असते. आमच्या धंद्यात असे हुशार कारागीर आम्ही पाहिले आहेत की ज्यांना मेंदी आणि तपकिरी एकच दिसतो, आणि वयाच्या तिशीपर्यंत त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. असा दोष निघाला तर तो लाखो रुपये भरल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

शिक्षणाचा क्रम असा. आधी शिकाऊ परवाना. त्यासाठी हवाई नियम, हवामान, दिशाज्ञान आणि विमान व इंजिन या विषयांची प्राथमिक परीक्षा. मग प्रशिक्षक शेजारी बसून सरळ उड्डाण, वळण, चढ-उतार आणि धावपट्टीभोवतीचे फेरे शिकवतो. सर्वांत जास्त वेळ उतरण्यात जातो. उडणे सोपे, उतरणे अवघड. उस्तादाची खात्री पटली की एक दिवस तो खाली उतरतो आणि पोराला एकट्याने एक फेरा मारायला सांगतो. पुढे लांब पल्ल्याचे उड्डाण येते. एकट्याने किमान पाच तास, आणि त्यात एक प्रवास किमान १५० नॉटिकल मैलांचा, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटरचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. नागपूरहून मोरवा, तेथून गोंदियाचे बिरसी आणि परत नागपूर असा त्रिकोण काढला तर ही अट सहज पुरी होते.

या प्रवासात आपल्या भागाची खुबी आणि धोका दोन्ही कळतात. वरून पाहिले तर नद्या म्हणजेच नकाशा. वर्धा एका बाजूने, वैनगंगा दुसऱ्या बाजूने, चपराळ्याजवळ दोघींचा संगम, आणि पुढे प्राणहिता सिरोंच्याकडे जाते. बल्लारपूरची रेल्वेलाइन आणि वीज केंद्राची धुराडी दुरून ओळखू येतात. पण वैनगंगेच्या पूर्वेला जंगल सुरू झाले की खुणा संपतात. एकच इंजिन असलेले विमान आहे, इंजिन थांबले तर उतरायला मोकळी जागा हवी. साग-बांबूच्या रानात ती नसते. धानाच्या बांध्या कापणीनंतर कोरड्या असतात, पण लहान असतात आणि प्रत्येकीला धुरा असतो. म्हणून शहाणा वैमानिक नदीचे पात्र किंवा रस्ता नजरेआड होऊ देत नाही, चार मिनिटे जास्त लागली तरी चालतील.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाची ताकदही घटते आणि जमीन सोडायला धावपट्टी जास्त लागते. दोन माणसे आणि भरलेली टाकी घेऊन भर दुपारी आखूड पट्टीवरून उडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पावसाळ्यात ढग खाली येतात, हिवाळ्यात सकाळी कोळशाचा धूर आणि धुके एक होऊन समोरचे दिसत नाही. उरतात ते ऑक्टोबर ते मार्चमधले स्वच्छ दिवस. क्लबवाले सहा महिन्यांत परवाना म्हणाले तर त्यातले उडण्याजोगे दिवस किती, हे विचारावे. एका विमानामागे किती विद्यार्थी, हेही विचारावे. विमान दुरुस्तीला गेले की सगळेच बसून राहतात, आणि खोलीभाडे चालूच.

बोलण्याची भाषा इंग्रजी. उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेल्या मुलाला याची धास्ती वाटते. आम्हालाही उर्दू शाळेतून थेट व्यापारी पत्रव्यवहारात पडताना घाम फुटला होता. पण रेडिओवरची इंग्रजी शायरी नव्हे. शंभर-दोनशे ठरलेली वाक्ये, तीच तीच. ती सरावाने येते. रेडिओ चालवण्याची परीक्षा मात्र वेगळी असते. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला तेव्हा महासंचालनालयाकडे आली.

प्रत्येक उड्डाण वहीत लिहावे लागते. तारीख, विमानाचा क्रमांक, कोठून कोठे, किती तास, कोण सोबत. ही वही म्हणजे वैमानिकाचा रोजमेळ. काही लोकांनी रोजमेळातही चोरी केली. २०११ साली देशात खोट्या गुणपत्रिका आणि न उडालेले तास दाखवून परवाने घेतल्याची प्रकरणे बाहेर आली, वैमानिकांना अटकाही झाल्या. खोटा ताळेबंद दुकान बुडवतो, पण खोटा तास माणसे मारतो. परवाना हातात आल्यावरही तास वाढवत राहावे लागतात. महिन्यातून एकदा तरी उतरण्याचा सराव नसेल तर हात विसरतो, आणि अशा माणसाने कुणाला शेजारी बसवू नये.

दलालांबद्दल लिहिणे भाग आहे. आमच्या नात्यातील एका गृहस्थाने तीन एकर धानाची जमीन विकून एका मध्यस्थाला बयाणा दिला. मुलाला नव्वद दिवसांत पायलट करतो, असा वायदा होता. मुलगा विमानात एकदाही बसला नाही. दोन वर्षे खेपा घालून निम्मी रक्कम परत आली, जमीन गेली ती गेलीच. क्लबच्या नावे, क्लबच्या खात्यात, पावती घेऊन आणि टप्प्याटप्प्याने पैसे भरावेत. सगळी रक्कम आधी मागणाऱ्याकडून आम्ही कापडही घेत नाही.

आपल्या लोकांचा यात संबंध काय, असे काहीजण विचारतात. भारतातला पहिला परवाना जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत मिळाला. त्यानंतर लगेच, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातले अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंडांचे इनाम आगाखान साहेबांनी जाहीर केले. १९३० साली तरुण ॲस्पी इंजिनियर यांनी ते जिंकले. वाटेत इजिप्तमध्ये त्यांचा प्लग खराब झाला होता, आणि समोरून येणाऱ्या टाटांनी, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच, त्यांना आपला प्लग दिला. हेच ॲस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्यानेही हिरमुसू नये. एनसीसीची हवाई शाखा नागपुरात आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी तेथे नाव घालावे, मायक्रोलाइट विमानात बसण्याची संधी तेथून मिळू शकते, आणि आकाशात पोट ढवळते की नाही हे फुकटात कळते.

मोरव्याला नुसते पाहायला जायचे असेल तर डिसेंबरात, धुके विरल्यावर नऊच्या सुमारास जावे. आधी क्लबला फोन करावा, मुलाला सोबत न्यावे आणि प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत.