बाहुली खोला, पण मोडू नका

कापडाच्या धंद्यात कातरण उरतेच. नांदेडचा इतवारा असो की लातूरची गंजगोलाई, ते मातीमोल जाते. त्याच कातरणाचे घागरे, शेरवान्या शिवून प्लॅस्टिकच्या साध्या बाहुल्यांना चढवल्या, तर माळेगावच्या यात्रेत चार पैसे जास्त मिळू शकतात. अडचण एकच : कपडा नीट बसवायला मान, हात काढावे लागतात आणि जोराने ओढले की खुंटी तुटते. पहिल्या खेपेस आमच्याही तीन बाहुल्या अशाच वाया गेल्या.

उपाय सोपा आहे. मऊ प्लॅस्टिक, म्हणजे पीव्हीसी, उष्णतेने नरम पडते. हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात सांधा दोन-तीन मिनिटे बुडवावा. उकळते पाणी नको, आकार बिघडतो. मग फडक्याने धरून, हलके फिरवत सरळ ओढावे. आतले पाणी पूर्ण सुकवावे. बसवतानाही सांधा पुन्हा गरम करावा. कच्च्या रंगाचे कातरण आधी धुवावे. लाल-काळा रंग पीव्हीसीत उतरला की निघत नाही. कडक प्लॅस्टिकला थिनर लावू नये, ते विरघळते.

तीन वर्षांखालील मुलांच्या बाहुलीला मणी, टिकल्या नकोत. गिळल्यास श्वास कोंडतो.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला सूट आहे. प्लॅस्टिकची बाहुली त्यात बसते असे मात्र गृहीत धरू नये. आधी विचारावे, मगच भांडवल घालावे.