मुलांची डोकेदुखी : ढोंग की दुखणं?



हंगाम सुरू झाला की आपल्या घरांना सवड म्हणून नसते. तोडीची पाळी, गाडीचा नंबर, रात्रीचं पाणी. अशा धांदलीत पोर म्हणालं, "डोकं दुखतंय," तर आपण काय म्हणतो? "शाळा बुडवायचं निमित्त!" नाहीतर दुकानातली एखादी गोळी देऊन मोकळे होतो. आम्हीही तेच केले.

आमची पुतणी दहा वर्षांची. अधूनमधून कपाळ धरून बसायची, उलटी करायची, उजेड नको म्हणायची. अंधाऱ्या खोलीत तासभर झोपली की उठून खेळायला तयार! त्यामुळे घरात तिला 'ढोंगी' हेच नाव पडले. शेवटी डॉक्टरांनी विचारले, "घरात आणखी कुणाचं डोकं असं दुखतं का?" तिची आई हळूच म्हणाली, "माझं." तिला लहानपणापासून अर्धशिशी.

नावात 'अर्ध' असले तरी मुलांमध्ये हे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना, कपाळभर असते. म्हणून ते ओळखू येत नाही. आणि झोपेने उतार पडणे हे ढोंग नव्हे, ते अर्धशिशीचेच एक लक्षण आहे.

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. उसाच्या वजनपावत्या जपतो तशी ती आम्ही जपली. महिन्याभरात उलगडा झाला. दुखणे बहुतेक शनिवारचे! सकाळची शाळा, पोटात नुसता चहा, परत येताना डोक्यावर ऊन.

तेव्हा एवढे सांभाळा. पोर उपाशीपोटी घराबाहेर पडू नये. पाण्याची बाटली, उन्हात टोपी आणि वेळेवर झोप हवी. रात्रीचा मोबाईल नको. फळा नीट दिसत नसेल तर डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून शाळाशाळांतून तपासणी करतात. त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका.

औषध लागलेच तर पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारून. आठवड्यात दोन दिवसांहून जास्त गोळी लागू लागली तर दवाखाना गाठा. वरचेवरच्या गोळ्यांनीही डोके दुखते. 16 वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीही देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांत त्याने क्वचित यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होते.

पुढील लक्षणांत मात्र तोडीची पाळी चुकली तरी चालेल, पण मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या : ताप येऊन मान ताठणे, डोक्याला मार लागल्यावर दुखणे, झटका येणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या होणे, किंवा एकाएकी असह्य कळ येणे.

उसाचे पान पिवळे पडले तर आपण त्याच दिवशी शेतकी खात्याकडे धावतो. ऊस तर बोलतही नाही. पोर तोंडाने सांगते आहे, तर आधी त्याचे ऐकून घेऊ या.